खोतला दिलेला नवा बडी

नव्वदीच्या मधल्या वर्षांत माझं पोस्टिंग बंगळूरच्या लष्करी इस्पितळात होतं. रँक सुभेदार, काम वॉर्ड सांभाळणं. घर जयनगरला. आमचं कुळ पिढ्यानपिढ्या इथलंच, त्यामुळे बोलताना मध्येच कानडी येतं, तेवढं चालवून घ्या. ज्यांच्या जखमा वरून दिसत नाहीत असे जवान आमच्याकडे असत. सहाला चहा, साडेसहाला फॉल-इन म्हणजे हजेरीची रांग, आठला गोळ्या. माझा आवाज मोठा, स्वभाव तिखट. जवान दबकून असत आणि मला त्याचा अभिमान होता, हेही कबूल करतो.

तिथे नाईक बाळू खोत आला, चंदगडकडचा. गस्तीवर त्याचा बडी, लान्स नाईक तुकाराम सावंत, मारला गेला होता. बडी म्हणजे जोडीदार. दोघं एकत्र जेवतात, एकत्र पहारा देतात, एकमेकांच्या घरची पत्रंही वाचतात. खोत दीड महिना कुणाशी बोलला नव्हता. तरी शेजारच्याची खाट न सांगता लावून द्यायचा. मला तो फार आवडायचा.

आमच्या डॉक्टर, मेजर मॅडम, त्याला 'काय झालं ते सांग' असं कधी म्हणाल्या नाहीत. दार उघडं ठेवत, खुर्ची आधी त्याला निवडू देत, नाडी बघायच्या आधी विचारत. मला वाटायचं, नुसते लाड चाललेत. पलटणीचा उपाय मला पाठ होता: बडी गेला की दुसरा बडी. एका सकाळी मॅडमना न विचारता मी वॉर्डातल्याच कदम नावाच्या जवानाला खोतशेजारी उभं केलं आणि फॉल-इनला ऑर्डर दिली.

"नाईक खोत, आजपासून तुझा बडी कदम."

खोत रांग मोडून पळाला तो थेट पाण्याच्या टाकीवर चढला. वेळ सहा पन्नास. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी 'खाली उतर' म्हणून ओरडलो, तसा तो आणखी कडेला सरकला. मॅडम धावत आल्या. रागावतील वाटलं होतं. एरवी मला साहेब म्हणणाऱ्या मॅडम त्या दिवशी अण्णा म्हणाल्या, आणि हळूच कानडीत सांगितलं, की हुकूम नको, त्याला विचारा.

बावीस वर्षांत मी शिपायाला असलं काही विचारलं नव्हतं.

"खोत, वर येऊ का?"

"नको."

"सरी, बरं. इथंच बसतो. चालेल?"

टाकीखाली जमिनीवरच बसलो. मॅडम जरा लांब बसल्या, बाकीच्यांना आत पाठवलं. ऊन चढलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी वरून आवाज आला.

"साहेब, टोपी घाला. ऊन लागंल."

मला रडू कोसळलं. टोपी घातली. मग तो आपणहून बोलायला लागला. गस्तीच्या त्या दिवशी पुढे चालायची पाळी खोतची होती. अंगात ताप होता, म्हणून तुकाराम पुढे गेला.

"त्याची जागा कदमला कशी देता, साहेब?"

मी माफी मागितली. दहाला तो उतरला. शिडी मी धरली, तीही त्याला विचारून.

एका दिवसात कुणी बरं होत नाही. तिसऱ्या महिन्यात त्याने ठरवलं, तुकारामच्या आईला खरं लिहायचं. 'पाळी माझी होती, मला ताप होता म्हणून तो पुढे गेला', एवढंच लिहिलं. उत्तराची भीती त्याच्याइतकीच मलाही होती. ते आलं तेव्हा, पाकीट कुठे बसून उघडायचं हे मॅडमनी त्यालाच ठरवू दिलं. तो म्हणाला, व्हरांड्यात, सुभेदारसाहेबांजवळ. त्याने मोठ्याने वाचलं.

"बाळू, तापल्या माणसाला पुढं धाडून मागं राहील, असं लेकरू मी वाढवलंच नव्हतं. सुट्टीला ये. जेवायला बस."

मग दुपारभर खोत बडीबद्दल सांगत राहिला. तुकाराम बेसूर गायचा. भाताबरोबरही गूळ खायचा. झोपेत म्हशी हाकायचा. आम्ही पोट धरून हसलो, आणि हसता हसता खोत रडला. लान्स नाईक तुकाराम सावंतला मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी मलाही त्याची उणीव भासली.