साडी गार्डची चौथी खेप

चामोर्शीच्या एका मोटरसायकल शोरूममध्ये संघप्रिया सात वर्षांपासून काउंटर सांभाळत होती. गाडी विकायची, आणि मग राहिलेल्या वस्तूंसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्यात या म्हणायचं. दिवस बहुतेक या दुसऱ्या कामातच जाई.

होळीनंतर मार्कंड्याजवळच्या खेड्यातले दादाजी तिच्याकडून गाडी घेऊन गेले. वैनगंगेतली मासळी ते आणि त्यांची बायको कुंता मिळून बाजारात नेत. साडी गार्ड, लेग गार्ड आणि दोन हेल्मेट किमतीतच मिळतील, असं शेठच्या सांगण्यावरून संघप्रियानंच कबूल केलं होतं. गाडी नेताना हाती पडलं एकच हेल्मेट. बाकीचं आलं की फोन करू, असं शेठ म्हणाले.

फोन आला नाही. दादाजी बाजार बुडवून तीनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा शेठनी सांगून टाकलं, की ती स्कीम संपली आणि बिलावर तर असं काही लिहिलेलंच नाही. दादाजींनी संघप्रियाकडे पाहिलं. ती कॉम्प्युटरकडे पाहत राहिली.

चौथ्यांदा कुंताबाई सोबत आल्या. मागच्या चाकात पदर जाऊन त्या पडल्या होत्या. कोपर सोलून निघालं होतं. शेठ जेवायला गेले होते.

"बाई, मले भांडाचं नाई," दादाजी म्हणाले. "तुमी बोलल्या होत्या का नाई, येवढंच सांगा."

"बोलली होती, भाऊ."

मग तिनं कागद घेतला, कबूल केलेल्या वस्तू लिहिल्या, खाली सही केली, आणि ग्राहक मंचात अर्ज कसा करायचा तेही सांगितलं. आपण काही धाडस केलं असं तिला वाटलं नाही. रोजरोज टोलवाटोलवी करून ती दमली होती.

अर्जाची वेळ आली नाही. दादाजींनी कागदाची झेरॉक्स शेठपुढे ठेवली आणि तासाभरात साडी गार्ड बसलं, दुसरं हेल्मेटही मिळालं. लेग गार्ड स्टॉकमध्ये नव्हतं. त्यासाठी आणखी एक चक्कर मारायचं त्राण दादाजींत उरलं नव्हतं. त्यांनी तो विषय सोडून दिला.

शेठ तिच्यावर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिला मागच्या सर्व्हिस काउंटरवर बसवलं. तिथे सकाळपासून तक्रारीच येत.

"अन् नोकरी गेली असती त?" तिच्या नवऱ्यानं, अश्विननं, विचारलं.

"गेली असती," ती म्हणाली, आणि चपला काढून पंख्याखाली आडवी झाली.