एका रविवारचं डिक्टेशन

हिवाळी अधिवेशन आलं की मुंबईहून फायली ट्रंकांत भरून नागपूरला निघत आणि त्यांच्यामागोमाग मी. सचिवालयात मी लघुलेखक होतो. चार हिवाळे असे गेले, तरी मला नागपूर म्हणजे स्टेशन, मुक्कामाची खोली आणि विधानभवन, एवढंच ठाऊक होतं.

आमच्या शाखेला दरवर्षी इथले एक शिपाईकाका मिळत. पाचव्या वर्षी त्यांनीच विषय काढला. "साहेब, आमच्या जुन्या राजधानीत येऊन राहिले तुम्ही, अन् राजधानी काहून नाही पाह्यली? रविवारी चला माझ्यासंगं."

मी भाड्याची सायकल घेतली. सीताबर्डीचा किल्ला खालूनच पाहिला, आत लष्कर. अजब बंगल्यात, म्हणजे इथल्या संग्रहालयात, काकांनी मला दगडी मूर्तींपुढे बराच वेळ उभं केलं. महालातल्या एका गल्लीत पोहे खाल्ले. वर ओतलेल्या तिखट तर्रीने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तेव्हा ते इतके हसले की त्यांनाच ठसका लागला.

दुपारी दीक्षाभूमीवर पोचलो. तेव्हा तिथे आजचा स्तूप नव्हता, मोकळं मैदानच होतं. काकांची बायको डबा घेऊन झाडाखाली वाट पाहत होती. जेवणं झाल्यावर तिने मला विचारलं, "तुम्ही मोठ्या लोकायचं बोलनं लिहून घेता म्हने. माझं लिहान का?"

मी खिशातली वही काढली.

छप्पन सालची गोष्ट ती सांगू लागली. पारशिवनीकडच्या गावाहून दोघं दोन दिवस पायी आली होती. दीक्षेला पांढरं नेसून जायचं होतं; पांढरं लुगडं तिच्याकडे नव्हतं, ते शेजारणीचं मागून आणलेलं. मैदानात शिरताच गर्दीत नवऱ्याचा हात सुटला.

"मी लय शोधलं. मग म्हटलं, आता शोधत बसली तर दीक्षा राहून जाईन. एकटीच हात जोडून उभी राह्यली. सारे म्हनत होते ते म्हटलं. संध्याकाळी हे सापडले. भाकरीचं गाठोडं तसंच छातीशी, घासही नव्हता खाल्ला. मी इचारलं, 'घेतली?' हे म्हने, 'घेतली. तू?' म्हटलं, 'मीनंही.' मंग आम्ही खाली बसून भाकर खाल्ली."

काका दुसरीकडे पाहत होते. माझी पेन्सिल थांबली होती. मंत्र्यांची तासातासाची भाषणं मी न चुकता उतरवून घेत असे. इथे मला पुन्हा विचारावं लागलं.

सोमवारी कचेरी सुटल्यावर मजकूर टाइप केला, दोन पानं झाली. काकांनी ती घडी न घालता, पुठ्ठ्यात ठेवून नेली.

पुढच्या डिसेंबरात त्यांनी मला घरी जेवायला नेलं. मुलीने ती पानं साऱ्या वस्तीला वाचून दाखवली होती. काकू मात्र माझ्यावर रागावलेली. "तुम्ही लिहिलं, हे सापडले तेव्हा माझ्या डोयात पानी होतं. मी रडली नव्हती, भाऊ. मले तर हसू येऊन राह्यलं होतं."

मी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पान नव्याने टाइप करून दिलं.

त्यानंतर नागपूरच्या ड्यूटीसाठी मी आपणहून नाव देऊ लागलो. त्या दोघांनी मला शहर दाखवलं, आणि माझ्या कामाचा एवढा चांगला उपयोग मला पुन्हा कधी करता आला नाही.