पाटाच्या तोंडाशी

सकाळी पाहुण्यांच्या कॅरॅव्हॅनखालून साबणाचा फेस पाटात उतरताना पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. छतावर सोलर, दारावर 'निसर्ग जपा', आणि खरकटं पाणी पाटाच्या तोंडाशी! इथं कोकणात पाटाची रीत आहे. वर प्यायचं पाणी भरायचं, मधे भांडी घासायची, खाली गुरं. शाळा अर्धवट टाकून मी मराठवाड्यातून आलो, तेव्हा मला ठेवून घेणाऱ्या काकूंनी आधी पोटभर वाढलं आणि मग ही रीत सांगितली. त्यांच्याच पाण्यात हे!

"थोडा साबणच आहे हो," पाहुणे म्हणाले.

"मग ह्याचाच चहा करू का तुम्हाला?" काकू म्हणाल्या. पाहुणे खो खो हसले.

हसू येतं तरी कसं? पाणी कुणाच्या दारात मुक्कामाला येत नाही, त्याला पुढच्या दारी जायचं असतं. पण काकूंची चूल आता ह्या गाड्यांवरच पेटते. पाहुणे रुसले तर? तरी वाकून मी गाडीखालचा सांडपाण्याचा नळ आवळला.

उठून बघतो तर काकू पाटातून भरलेली कळशी मातीत ओतत होत्या. रिकामी कळशी कमरेवर घेऊन त्या शेजारच्या विहिरीकडे निघाल्या, आणि जाताजाता पाहुण्यांना म्हणाल्या, "नाश्त्याला जरा उशीर होईल हं, रागावू नका."

तेव्हा मला काकूंचाही राग आला.