चिठ्ठीवर ठरणारे दुखणे

“सही मी केलीय ना साहेब, मग आईला कशाला त्रास देताय?”

हा प्रश्न मला कॅज्युअल्टीत, एका स्ट्रेचरच्या बाजूला विचारण्यात आला. विचारणारा मिलिंद, राहणार शहाड. मानपाड्याच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून धावत आलेला. स्ट्रेचरवर त्याची आई, शेवंताबाई. मोरीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता. वेदनेने ओठ घट्ट मिटलेले, परंतु बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. इतक्या, की तशाही अवस्थेत त्यांनी मुलाला शर्ट खोचायला सांगितले.

मी डॉक्टर नाही. ठाण्याच्या न्यायालयात आयुष्यभर वकिली केली आणि निवृत्तीनंतर कल्याणजवळच्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एथिक्स कमिटीचा कायदेविषयक सभासद झालो. माणसांवर होणारे संशोधन या कमिटीच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि परवानगी दिलेले संशोधन प्रत्यक्षात कसे चालते हे जाऊन पाहण्याचा अधिकारही तिला असतो. अनेक सभासद तो चहापानापुरता वापरतात. मी येणार असल्याचे पत्र आधी पाठवतो. केव्हा येणार, हे त्यात लिहीत नाही.

त्या दिवशी पाहायचा होता भूलशास्त्र विभागाचा एक अभ्यास, माझ्या नियुक्तीपूर्वी मंजूर झालेला. त्याचा विषय साधा होता. खुबा मोडलेल्या वृद्ध रुग्णाला हलवले की वेदनेने जीव कासावीस होतो. एक्स-रेला हलवा, वॉर्डात हलवा, पाठीत भुलीचे इंजेक्शन द्यायला बसते करा, प्रत्येक वेळी किंकाळी. यावर ‘नर्व्ह ब्लॉक’ हा उपाय आहे: सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, खुब्याकडे जाणाऱ्या नसांच्या भोवती सुन्न करणारे औषध सोडायचे. विभागाचा प्रश्न असा, की हा ब्लॉक ऑपरेशनच्या तोंडावर न देता कॅज्युअल्टीतच दिला, तर ऑपरेशननंतर वृद्ध माणसे भ्रमिष्टासारखी बरळतात ते कमी होते का? निम्म्या रुग्णांना ब्लॉक लगेच, निम्म्यांना नेहमीचे वेदनाशामक आणि ब्लॉक नंतर. कोणाला काय, हे बंद लिफाफ्यातली चिठ्ठी ठरवणार.

कागदोपत्री सारे चोख होते. एकाही रुग्णाने नकार दिलेला नव्हता. विभाग याचा अभिमान बाळगून होता आणि मला मात्र त्याचाच संशय येत होता.

कारण आता माझ्या डोळ्यांसमोर होते. याच अभ्यासावर आपला पदव्युत्तर प्रबंध लिहिणाऱ्या रेसिडेंट डॉ. वर्षा यांनी मिलिंदला बाजूला घेऊन माहिती सांगितली, त्याची सही घेतली आणि लिफाफा उचलला. शेवंताबाईंना कोणी चकार शब्द विचारला नाही.

“थांबा,” मी म्हणालो. “रुग्ण कोण आहे?”

“सर, आजींना खूप दुखतंय. आणि मुलगा आहे ना. इथे नेहमी मुलगाच सही करतो.”

“इथे नेहमी काय होते हे मला सांगू नका. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या शरीराबाबत संमती त्याचीच. रुग्णाला बोलता, समजता येत नसेल तरच नातेवाइकाची पाळी. मुलगा हा आईचा मालक नव्हे.”

आवाज चढला असावा, कारण शेजारच्या स्ट्रेचरवरचा गृहस्थ उठून बसला. वर्षा गोऱ्यामोऱ्या झाल्या; पण त्यांनी लिफाफा खाली ठेवला आणि स्ट्रेचरजवळ वाकून सारे पुन्हा, या वेळी योग्य व्यक्तीला, समजावून सांगितले.

शेवंताबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. “म्हंजे भिशीच्या चिठ्ठीसारखं?”

“हो आजी, साधारण तसंच.”

“मग नको. भिशीत माझं नाव कधी पहिलं निघालं नाय. सुन्न करायचं तर आत्ता करा, नायतर ऱ्हाऊ द्या. चिठ्ठी नको.”

“आई, डॉक्टरांशी वाद नको ना घालू,” मिलिंद कळवळला.

“खुबा तुझा मोडलाय का?”

मी आयुष्यात अनेक निकाल ऐकले. इतका थोडक्यात आणि कारणांसहित दिलेला निकाल क्वचितच ऐकला असेल. टाळी वाजवण्याचा मोह मी कसाबसा आवरला.

डॉ. वर्षांनी विभागप्रमुखांना फोन केला. डॉ. टिपणीस खाली आल्या. मला पाहून त्यांच्या कपाळावर आठी उमटली, परंतु त्यांचा पहिला प्रश्न रुग्णासंबंधी होता.

“नकार दिलाय? ठीक. मशिन इथे आहे, मी इथे आहे. ब्लॉक आत्ताच देऊ, अभ्यासाच्या बाहेर.”

मला उभे राहून पाहू देण्यास शेवंताबाईंनी परवानगी दिली. ती मी स्वतः मागितली होती. करड्या पडद्यावर सुईची पांढरी रेघ सरकत गेली आणि तिच्या टोकाशी औषधाचे काळे तळे पसरले. थोड्या वेळाने त्यांना एक्स-रेच्या टेबलावर घेतले. किंकाळी आली नाही. बाईंनी डोळे उघडून विचारले, “झालं?” शास्त्राचा चमत्कार मी वर्तमानपत्रात वाचत असे. तो हातभर अंतरावरून प्रथमच पाहिला.

आणि लगेच माझ्या वकिली डोक्यात ठिणगी पडली. डॉ. टिपणीसांच्या केबिनमध्ये मी ती मांडली.

“मॅडम, जी नकार देते तिला ब्लॉक लगेच. जी होकार देते तिला चिठ्ठीच्या मर्जीवर. हे रुग्णांना कळले तर तुमच्या अभ्यासात कोण येईल?”

“कोणी येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे खरी संमती मागताच अभ्यास कोसळतो.”

“वकीलसाहेब, बरळणं कमी होतं का, हे मला खरंच माहीत नाही. म्हणून चिठ्ठी.”

“ते मान्य. पण दुखणे थांबते, हे तर ठाऊक आहे? मग दुखण्याची चिठ्ठी कशी टाकता?”

त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, “आता माझं ऐका. अभ्यास सुरू होण्याआधी कॅज्युअल्टीत ब्लॉक कोणालाच मिळत नव्हता. मशिन ऑपरेशन थिएटरचं; ते अभ्यासापुरतं खाली आणायची परवानगी आहे. तुम्ही अभ्यास बंद केलात की मशिन वर. आज निम्म्यांना मिळतंय, उद्या शून्य. लिहा पत्र!”

मी पत्रच लिहिले, मात्र डीनना. जे मशिन निम्म्या रुग्णांसाठी खाली येऊ शकते ते सर्वांसाठी का येऊ शकत नाही, याचा लेखी खुलासा मागितला. डीननी खुलासा न देता आम्हा दोघांना बोलावले.

“प्रॉब्लेम साधा आहे,” ते म्हणाले. “अभ्यास असेल तर मशिन देता येतं. नुसत्या सोयीसाठी दिलं तर उद्या प्रत्येक विभाग मागेल.”

मी नियमावली उघडत होतो, तेवढ्यात डॉ. टिपणीस खुर्चीच्या कडेला सरकल्या. “सर, अभ्यासच बदलला तर? ब्लॉक सगळ्यांना, कॅज्युअल्टीतच. चिठ्ठी फक्त एवढ्यापुरती, की परिणाम जास्त वेळ टिकावा म्हणून ब्लॉकमध्ये दुसरं औषध मिसळायचं की नाही. त्याचं उत्तर आमच्या रुग्णांबाबत मला खरंच ठाऊक नाही.”

“आणि विचारायचे रुग्णालाच,” मी जोडले.

“रुग्णालाच.”

डीननी माझ्याकडे पाहिले. “तुमची हरकत?”

“नाही,” मी म्हणालो. हा शब्द त्या कार्यालयात माझ्या तोंडून प्रथमच निघाला असावा.

याची किंमत डॉ. वर्षांनी मोजली. मुलांच्या सहीवर अभ्यासात घेतलेल्या शुद्धीवरच्या रुग्णांची माहिती वापरता येणार नाही, असा कमिटीने निर्णय दिला, आणि त्यांचा प्रबंध पुन्हा पहिल्या पानावर आला. त्या रडल्या. मग तोंड धुऊन कॅज्युअल्टीत उभ्या राहिल्या आणि प्रत्येक आजीआजोबांशी स्वतः बोलू लागल्या. काहींनी नकार दिला. त्यांनाही ब्लॉक मिळाला. बहुतेकांनी होकार दिला.

भूलतज्ज्ञांच्या राज्य परिषदेत, नव्या अभ्यासावरच्या डॉ. वर्षांच्या शोधनिबंधाला पहिले पारितोषिक मिळाले. निमंत्रण नसताना मी मागच्या रांगेत जाऊन बसलो होतो. पहिला अभ्यास का सोडलात, असे एका परीक्षकांनी विचारले. वर्षा म्हणाल्या, “एका पेशंटनी नाही म्हटलं, सर. आणि त्यांचं कारण आमच्या कारणापेक्षा चांगलं होतं.” या वेळी मी टाळी वाजवली, आणि ती सर्वांच्या आधी वाजवली.

अभ्यास संपला, पण सोनोग्राफी मशिन कॅज्युअल्टीतच राहिले. आता ते वर न्यायचे झाल्यास डीनना कारण लेखी द्यावे लागेल, आणि ते कोणाला द्यावे लागेल हे त्यांना माहीत आहे.

कमिटीवर येणाऱ्या नव्या सभासदांना मी एकच गोष्ट सांगतो. एखाद्या अभ्यासाला कोणीच नकार देत नसेल, तर अभिनंदनाचा ठराव मांडण्यापूर्वी विचारले कोणाला जाते, ते पाहून या.