मरता मरेना अशी एक ओळ

हे सांगायच्या आधी हातातला चहा संपवून घ्या. मी आजवर बरेच घोळ घातले, पण ते निदान दुकानाच्या उंबरठ्याच्या आत राहिले. हा एक डोंगरापर्यंत गेला.

भिसेगावात माझं कोंबडीखाद्याचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. मागच्या खोलीत अंडी उबवायच्या दोन पेट्या आहेत. पळसदरीच्या मोकल मास्तरांनी त्या बनवून दिल्या. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण समोर बसलेल्याची परीक्षा घ्यायचं काही सुटलं नाही. दोन्ही पेट्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतात. तो माझ्या गल्ल्याशेजारी असतो. त्यात दोन प्रोग्रॅम अखंड चालू, 'अंडे-एक' आणि 'अंडे-दोन'. आपापल्या पेटीतली अंडी मधूनमधून फिरवायची, गार झालं की हीटर लावायचा, ऊब पुरेशी झाली की बंद करायचा, आणि जास्त तापलं तर भोंगा वाजवायचा. एवढंच त्यांचं काम.

ह्या कॉम्प्युटरला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर हुकूम टाइप करायचे. मास्तरांनी दोन दिवस शिकवलं, बाकीचं मी माझं शिकलो. आठवी नापास माणूस काळ्या पडद्यावर खटाखट टाइप करतोय हे बघायला गिऱ्हाईक थांबायचं. मी मग एखादा हुकूम उगाचच जास्त द्यायचो. खोटं कशाला बोलू?

त्या वेळी एक नंबरच्या पेटीत माझी अंडी होती, हॅचरीवाल्या जातीची. दोन नंबरमध्ये चांगीबाईची.

चांगीबाई डोंगरातल्या ठाकरवाडीची. तिच्या खुराड्यात रानमांजर शिरलं आणि अकराच्या अकरा कोंबड्या फाडून गेलं. त्यात अंड्यांवर खुडूक बसायला आलेलीही गेली. उरली ती टोपलीत जमवून ठेवलेली एकवीस अंडी. भाताच्या तुसात नीट रचून, प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढून, ती चालत खाली घेऊन आली होती.

"शेट, ह्ये माजं बियानं हाय," ती म्हणाली. "माज्या सासूच्या कोंबड्यांपासून चालत आलंय. दुसरं नाय."

"चांगीबाई, तू एकविसाव्या दिवशी टोपली घेऊन ये. माझं मशीन कोंबडीपेक्षा शहाणं आहे."

मशीन होतंच शहाणं. प्रश्न माझा होता.

माझ्या अंड्यांचा अठरावा दिवस उजाडला. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद करायचं असतं. त्यासाठी 'अंडे-एक' थांबवायचा, आकडा बदलायचा आणि परत सुरू करायचा. पाच मिनिटांचं काम. दुपारी सव्वा वाजता बसलो.

आता थांबवायचं कसं ते ऐका. आधी चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी मागायची. ती लांबलचक येते, म्हणून पुढे 'ग्रेप' लावायचं. ग्रेप म्हणजे शोधायची चाळणी. 'ग्रेप अंडे' म्हटलं की ज्या ओळीत 'अंडे' आहे तेवढ्याच ओळी खाली पडतात. प्रत्येक ओळीपुढे त्या प्रोग्रॅमचा नंबर. मग 'किल' लिहून तो नंबर द्यायचा. नाव भयंकर आहे, पण नुसतं किल म्हणजे विनंती असते. बाबा रे, आवरतं घे. प्रोग्रॅम हीटर बंद करतो आणि निघून जातो.

मी यादी मागितली. तीन ओळी आल्या. दोन असायला हव्या होत्या, पण म्हटलं असेल काहीतरी. 'अंडे-एक'चा नंबर बघून किल दिलं. परत यादी मागितली. 'अंडे-दोन' होता आणि खाली आणखी एक 'अंडे'वाली ओळ.

म्हणजे गेला नाही, असं मी धरलं.

त्या ओळीचा नंबर घेऊन किल दिलं. कॉम्प्युटर म्हणाला, असा कुणी इथे नाही. यादी मागितली, तर ओळ हजर. नंबर नवा. नवा नंबर मारला. असा कुणी नाही. परत यादी, परत ओळ, परत नवा नंबर.

मास्तरांनी बजावलं होतं की जुना जिवंत असताना नवा सुरू करायचा नाही, दोघं एका हीटरवरून भांडतात. म्हणून मी नवा सुरू करेना. मारत बसलो. मास्तरांना फोन लावावा, तर ते एक ते तीन झोपतात. त्या वेळात आभाळ कोसळलं तरी त्यांनी तिनाला उठून बघायचं, असा त्यांच्या घरचा नियम.

एवढ्यात बायको, सुनंदा, आतून आली.

"अहो, मागच्या खोलीत उकडायला का लागलंय?"

"थांब गं. इथे एक मरत नाहीये."

"कोण मरत नाहीये?"

"मारला की नंबर बदलून परत येतोय."

गल्ल्यासमोर कडावचं एक गिऱ्हाईक खाद्याचं पोतं खांद्यावर घेऊन उभं होतं. ते म्हणालं, "शेट, मी उद्या येतो." पोतं खाली ठेवून गेलंसुद्धा.

"जेवायला या आता," सुनंदा म्हणाली. "मारामारी जेवून करा."

ती त्या खोलीतल्या उकाड्याबद्दल बोलली होती हे माझ्या कानावरून नुसतं गेलं. त्या आधीच माझ्या हातून मुख्य पराक्रम होऊन गेला होता. एकेक नंबर मारून कंटाळल्यावर मला आठवलं की किलच्या पुढे नऊ लावता येतात. नऊ लावले की विनंती संपली. प्रोग्रॅमला आवरायला क्षणभरही मिळत नाही, जागच्या जागी खलास. आणि नंबराऐवजी नावानेही मारता येतं. मी दात-ओठ खाऊन लिहिलं, की ज्याच्या ज्याच्या ओळीत 'अंडे' असेल त्याला नऊ.

यादी मागितली. 'अंडे-दोन'ची ओळ गेली होती.

खालची ती एक ओळ तशीच होती.

मला तेव्हा 'अंडे-दोन' दिसायला हवा होता की नाही? म्हणजे नाहीसा झालेला दिसायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष त्या शत्रूवर. तिनापर्यंत मी त्याला आणखी चाळीसेक वेळा मारला असेल.

तीन वाजता मास्तरांनी फोन उचलला.

"यादीत किती ओळी आहेत?"

"एकच, मास्तर. पण काही केल्या मरत नाही."

"त्या ओळीत शेवटी काय लिहिलंय? वाच."

"ग्रेप अंडे."

"ग्रेप म्हणजे काय?"

"शोधणं."

"शोधणं हासुद्धा एक प्रोग्रॅमच ना? त्याच्या ओळीत 'अंडे' शब्द आहे की नाही? मग तो यादीत येणार की नाही? कोण शोधतंय?"

मी ती ओळ परत वाचली.

"अरे शेठ, कोण शोधतंय?"

"मी."

"शाबास. यादी मागितलीस की तो शोधणारा नव्या नंबराने जन्मतो, आणि यादी दिली की आपोआप संपतो. तुझा 'अंडे-एक' पहिल्याच हाकेला गेलाय, मुकाट्याने. त्यानंतर तू पावणेदोन तास स्वतःच्या मागे फिरतोयस." मग मास्तरांचा आवाज बदलला. "एकच ओळ म्हणालास? दोन नंबर कुठाय?"

"त्याला नऊ लागले."

"लागले तेव्हा हीटर चालू होता की बंद?"

फोन गल्ल्यावर टाकून मी मागे धावलो. एक नंबरची पेटी निवलेली. दोन नंबरचा हीटर लालबुंद, आणि काचेत पारा शेहेचाळीसवर. भोंगा वाजवणाराच मेला होता, तर वाजवणार कोण?

मास्तर नंतर म्हणाले की माझी अंडी वाचतील. गारठा अंडं थोडा वेळ सोसतं, कोंबडीही चरायला उठतेच की. उष्णता सोसत नाही. संध्याकाळी बॅटरीच्या उजेडावर मी चांगीबाईचं एकेक अंडं धरलं. कोळशाची रेघ दिसत होती. आत काही हलत नव्हतं.

तीन दिवसांनी माझी पिल्लं निघाली. छान, टुणटुणीत. इतकी चांगली पिल्लं त्या पेटीतून कधीच निघाली नव्हती.

त्यानंतर तीन दिवसांनी चांगीबाई टोपली घेऊन आली. मी व्यापारी माणूस. माझ्या पिल्लांतली एकवीस वेचून आधीच खोक्यात भरून ठेवली होती. तीच पुढे केली.

तिने एक उचललं, पंख ताणून पाहिला आणि खाली ठेवलं.

"ह्यास्नी पिसं फुटाया लागली. ही आजची न्हाईत. माजी कुटं हायेत?"

मग सांगावंच लागलं. ओळ, नंबर, ग्रेप, नऊ, सगळं. ती खाली बसून ऐकत होती. मी कोळशाच्या रेघांची अंडी आणून दिली, ती तिने मोजून तुसात रचली.

"ही पिल्लं तरी ने गं," सुनंदा म्हणाली.

"नगं, बाय. ही पेटीतली. घार आली तर कुटं दडायचं ते ह्यास्नी ठावं नाय. चार दिस बी टिकायची नायत."

टोपली डोक्यावर घेऊन ती पायरीपर्यंत गेली आणि वळली.

"शेट, येवढा येळ तू तुलाच सोदत व्हतास?"

"हो."

"मंग, घावलास का रं?"

"घावलो, चांगीबाई. सगळ्यांना मारून झाल्यावर यादीत मी एकटाच शिल्लक होतो."