दोनदा रिकामी करायची बरणी

प्रयोगशाळेतले भाऊ कोणत्याही वस्तूला आधी उलट्या हाताने शिवायचे. कपाटाची कडी असो, नळाची तोटी असो की चहाचा पेला, आधी बोटांची मागची बाजू क्षणभर टेकवायची आणि मग सुलट हाताने धरायचं. तेवढा वेळ डावा हात पाठीमागे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात जावयाच्या खांद्यालाही त्यांनी आधी असाच उलटा हात लावलेला मी पाहिला आहे. जावई दचकला. "काही नाई, सवय आहे," ते म्हणाले.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याची सवय आधी हसू आणते आणि मग पटते. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सुलट्या हातानं धरलं आन करंट असला, तं मूठ आपोआप मिटते मॅडम. मंग सोडतो म्हटलं तरी सुटत नाई. आन दुसरा हात मांगं असला, तं करंट छातीतून जात नाई."

राजुऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. ऐंशीच्या दशकात मी एम.एस्सी. होऊन नागपूरहून तिथे शिकवायला गेले, तेव्हा त्यांना नऊ वर्षं झाली होती आणि तरीही ते तात्पुरतेच होते. शिक्षण सातवी. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणू लागले.

प्रयोगशाळेत चाकं फिरवून वीज तयार करायचं एक जुनं यंत्र होतं. ती वीज साठवायची काचेची बरणी मात्र कधीच फुटली होती. नवीसाठी केलेले अर्ज कुठे जात होते कोण जाणे. शेवटी भाऊंनी किराणा दुकानातून गोळ्यांची मोठी बरणी मागून आणली. पानठेल्यांवरून सिगारेटच्या पाकिटांतली चांदी गोळा केली. ते स्वतः बिडीसुद्धा ओढत नसत, पण त्या महिन्यात गावभर त्यांचा बोभाटा झाला. ती चांदी त्यांनी बरणीला आतून आणि बाहेरून चिकटवली, गळ्याजवळची काच उघडी ठेवली. झाकणातून सायकलचा आरा आत सोडला, त्याला खाली साखळी आणि वर पलंगाच्या पायाची पितळी गोळी.

विद्युतधारित्र, म्हणजे कपॅसिटर, शिकवताना मी ती बरणी वर्गात नेली. फळ्यावर सूत्र लिहिलं. पोरं बरणीकडे बघत होती, फळ्याकडे कोणीच नाही. मागून भाऊ खाकरले.

"मॅडम, सांगू का?"

"सांगा."

"आतल्या चांदीवर एक तऱ्हेची वीज, बाहेरच्या चांदीवर दुसऱ्या तऱ्हेची. दोघींले भेटाचं आहे. मधात काच. काच जाऊ देत नाई, आन ओढ सुटत नाई. म्हनून दोघी काचेले चिकटून बसतात. तारेनं वाट करून दिली का एका दमात भेटतात. तोच झटका."

एका मुलीने विचारलं, "आन काच पातळ असली तं?"

"तं ओढ वाढते, जास्त वीज मावते. लय पातळ असली तं काच फोडून जाते."

मी सूत्र पुसलं नाही, पण त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

त्यांचा एकच हट्ट होता. लाकडी मुठीची वाकवलेली तार एका टोकाने बाहेरच्या चांदीला आणि दुसऱ्याने गोळीला लावली, की तडकन ठिणगी पडून बरणी रिकामी होई. भाऊ थोड्या वेळाने पुन्हा तार लावायला सांगत. "दोनदा रिकामी करा लागते मॅडम."

"एकदा ठिणगी पडली की संपलं ना, भाऊ?"

"पुस्तकात संपते."

मला ती भाबडी समजूत वाटे.

त्या जानेवारीत संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. भाऊंना कायम करायचं की नाही, ते त्यांच्याच हातात होतं. माझीही नेमणूक एका वर्षाचीच होती. भाऊ चहा आणायला गेले होते. मी यंत्र फिरवलं, बरणी भरली, तार लावून झकास ठिणगी पाडून दाखवली आणि म्हणाले, "आता ही पूर्ण रिकामी आहे."

अध्यक्षांनी मग विज्ञान आणि ग्रामीण विकास यावर छापील मराठीत दहा मिनिटं भाषण केलं. शेवटी फोटोसाठी त्यांनी बरणी डाव्या हातात कवटाळली आणि उजव्या हाताचं बोट गोळीवर ठेवलं.

त्यांच्या तोंडून ग्रामीण विकासाशी संबंध नसलेला एक शब्द बाहेर पडला आणि ते मागच्या स्टुलावर बसले. स्टुलावर प्राचार्य आधीच बसलेले होते. बरणी टेबलावर गडगडत गेली आणि दारातून आत येणाऱ्या भाऊंनी ट्रे सांभाळत ती कोपराने अडवली.

"ही बाटली कोणी बनवली?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी बनवली साहेब."

"यात वीज होती, ते सांगितलं का नाही?"

भाऊंनी ट्रे टेबलावर ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी ट्रेमधले कप सरळ करत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, पण समोरच्या चहावर साय धरली.

"त्यांनी सांगितलं होतं साहेब," मी म्हणाले. "दोनदा रिकामी करा म्हणून. मी एकदाच केली."

"तुम्ही एम.एस्सी. ना?"

"हो."

अध्यक्ष भाऊंकडे वळले. झटक्याने त्यांची छापील मराठी उतरली होती. "दोनदा काऊन गा?"

"काच थोडी पिऊन ठेवते साहेब. पहिल्या खेपेले वरवरची निंगून जाते. मुरलेली मंग हळूहळू बाहेर येते."

अध्यक्षांनी विचार केला. "विहीर उपसली तरी सकाळी हातभर पानी असते, तसं?"

"तसंच साहेब."

अध्यक्षांचा चेहरा खुलला. त्यांनी बरणी पुन्हा भरायला लावली, एकदाच रिकामी करवली, दहा मिनिटं थांबले आणि ती प्राचार्यांपुढे धरली.

"साहेब, माझं बीपी," प्राचार्य म्हणाले.

"लावा बोट."

भाऊंच्या कायमपणाचा आदेश त्याच दिवशी निघाला, असं सांगायला मला आवडलं असतं. तो दीड वर्षाने निघाला. माझ्याकडे खुलासा मागणारं पत्र मात्र आठवड्यातच आलं.

त्या संध्याकाळी भाऊ कप विसळत होते. मी म्हणाले, "भाऊ, मी उशिरा बोलले."

"बोलल्या ना," ते म्हणाले. "मी तं धरून चाललो होतो का तुमी नाई बोलनार."

दशक संपता संपता ते निवृत्त झाले आणि गावी गेले. घरची जुनी मासेमारी होती. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. घरच्यांनी तलावाकडे बोट दाखवलं. भाऊ कमरेइतक्या पाण्यात जाळं घेऊन उभे होते. मी बांधावरून हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, हसले आणि ओठांवर बोट ठेवलं. मासे पळतील म्हणून.

मी चपला काढून बांधावर बसले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. परतीची एकच एस.टी. होती आणि ती फाट्यावर येऊन हॉर्न वाजवत होती. मी उठले, आवाज न करता. वळणावरून मागे पाहिलं, तर भाऊ तसेच पाठमोरे उभे होते. न वळताच त्यांनी पाण्यातून एक हात वर केला.