सदतीस अंशांचं कपाट

मॅडम हाताची पालथी बाजू त्या कपाटाच्या दाराला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "ताप हाये. बरं हाये."

सन दोन हजारच्या आसपास तुम्ही वर्ध्यात असाल, तर या मॅडमना पाहिलंच असेल. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. एकट्या. रविवारीसुद्धा प्रयोगशाळेत. विजेवर ऊब धरणाऱ्या त्या कपाटात उंदराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायच्या. त्यांना अंगाइतकीच ऊब लागते, सदतीस अंश. उन्हाळ्यात खोलीच उकळायची, म्हणून सगळं हिवाळ्यात.

मी तेव्हा भारनियमनाविरुद्ध पत्रकं काढायची. एकदा मॅडम आमच्या सभेला आल्या.

"एक ओळ माही टाकजो वं पोट्टे. लाइन गेली का पेशी मरतात."

सभा हसली. "मॅडम, इथं पिठाच्या चक्क्या बंद हायेत, तुमच्या पेशी कुठं घेऊन बसल्या!" हे मीच बोलले.

त्या चिडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला कपाटासमोर उभं केलं.

"पाह्य. पेशीत हुकूम चिठ्ठीवर येते. त्या चिठ्ठीले एक प्रथिन धरून बसते. कोणती वाचायची, कोणती फाडायची, ते ठरवते. ते नसलं तं पेशी लहानच राह्यत असन, अँटिबॉडी बनवाले शिकतच नसन."

"असन म्हणजे? पक्कं माहीत नाही?"

"नाई नं. म्हणून तं आठ दिवस लाइट पाह्यजे. सलग."

सलग आठ दिवस! आम्हाला आठ तास मिळत नव्हते. कॉलेजात जनरेटर होता, पण तो प्राचार्यांच्या खोलीपुरता. प्रयोगशाळा गेली खड्ड्यात. लाइन गेली की मॅडम कपाटाला गोधडी गुंडाळायच्या, आत गरम पाण्याच्या रबरी पिशव्या ठेवायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. तीनदा पेशी मेल्या. चौथ्यांदा लावताना म्हणाल्या, "घरी कोण हाये वाट पाहाले? इथं ह्या तरी हायेत."

पत्रक छापून आलं. त्यांची ओळ मी काढली होती. जागा नव्हती, असं सांगितलं. जागा होती, तिथे मी माझीच घोषणा दुसऱ्यांदा छापली होती.

त्यांनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. घडी घातली. "चांगलं लेह्यलं."

त्या चौथ्या खेपेला, सातव्या दिवशी सकाळी लाइन गेली ती रात्रीच आली. पेशी मेल्या. पुन्हा त्यांनी पेशी लावल्या नाहीत. निवृत्त झाल्या, कुठे गेल्या, कॉलेजात कोणाला धड सांगता आलं नाही. मीही उशिराच विचारलं.

पुढे एका मे महिन्यात कॉलेजच्या मागे, भंगारात, ते कपाट दिसलं. दार लोंबत होतं. मी हाताची पालथी बाजू लावली आणि चटकन काढली. पत्रा उन्हाने भाजत होता. आत एक रबरी पिशवी होती, वाळून तडकलेली.